कापसातली कुपी

जुन्नरच्या बाजारात, नवाबच्या कापडाच्या दुकानापुढं, कमरुद्दीन कागदी छातीवर हात ठेवून मटकन खाली बसला. खिशातून कापसात गुंडाळलेली काचेची बारीक कुपी काढली, रुमालात धरून कडकन फोडली आणि रुमाल नाकाला लावला. नासक्या फळासारखा उग्र वास पसरला. बघता बघता त्याचा चेहरा लालभडक झाला, कानशिलं उडायला लागली.

नवाब दुकानातून धावत बाहेर आला. त्याच्या मुलाशी कमरुद्दीनच्या मुलीचं, जहाँआराचं लग्न ठरलं होतं. ते आता मोडणार, अशी कुणकुण गेले काही दिवस गावात होती.

"काय झालं, कमरुभाई?"

"काळजाचं दुखणं हाय," कमरुद्दीन खाली बघत म्हणाला. "कळ आली की ही कुपी फोडून हुंगायची. डाक्टरांची दवा हाय. हिच्यानं तोंड लाल व्हतं, पाय लटपटत्यात."

नवाबनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लोक म्हणायचे, तुमी दारूच्या गुत्त्यावर जाता. मीबी खरं मानलं. लई चुकलं माझं, भाऊ."

भोवती माणसं जमली. मशिदीत ज्यांनी त्याचा सलाम घेणं सोडलं होतं, तीही. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला, कुणी खाली पडलेली टोपी झटकून हातात दिली. शरमेनं कमरुद्दीनला मान वर करवेना.

"लगीन ठरल्यापरमानं व्हईल," नवाब म्हणाला. "चला, घरी पोचवतो."

"नको. जाईन मी."

नवाबनं ऐकलं नाही. दंडाला धरून तो त्याला कागद्यांच्या आळीत घेऊन आला.

दारात शेजारची सखूबाई उभी होती. "कवाची वाट बघतीया तुमची. डाक्टर मंचरला गेल्यात. बेगी आत जा."

आत त्याची बायको नजमुन्निसा भिंतीला टेकून बसली होती. अंग घामानं निथळत होतं, डोळे मिटलेले, मूठ छातीवर आवळलेली. नवाब उंबऱ्यातच थबकला. कमरुद्दीन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. त्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

चाहूल लागताच तिनं न बघताच हात पुढं केला.

"जहाँआराचे अब्बा," ती दम खात म्हणाली, "आज गुत्त्यावरून येताना माझी एखादी तरी कुपी शिल्लक ठिवली का?"