बेडकांचं शिष्टमंडळ

प्रयोगशाळेच्या दारात कॉलेजमागच्या वस्तीतल्या आठ-दहा बाया उभ्या होत्या. पुढे भिकुबाई. तिच्या खांद्यावर कडुलिंबाचा पाला बांधलेलं मुसळ.

"सर, एक बेडूक द्या ना. पाऊसकरता मुसळले बांधीसन दारोदार पानी मांगनं शे."

"अहो बाई, हे परीक्षेचे आहेत!" प्राणिशास्त्राचे महाजन सर कळवळले. "नऊ पोरं, नऊ बेडूक. आज चिरले नाहीत तर पोरांचं वर्ष गेलं."

अर्धा जुलै संपला होता. धुळ्यात थेंब नव्हता, म्हणून बेडूकही नव्हता. लांबत लांबत परीक्षा इथवर आलेली. हे नऊ सरांनी ओळखी काढून, ओल्या पोत्यात घालून, कुठून कुठून मागवले होते. पण पहाटेपासून ते ओरडायला लागले आणि वस्तीनं ऐकलं.

"आमना बठ्ठा कापूस जळी गया, आनि तुम्ही बेडूक चिरतस?"

"महाजन, चारची एस.टी. आहे माझी," पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले.

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष अभिमन आबा आले. सरांच्या जिवात जीव आला. "आबा, तुम्हीच समजवा यांना."

आबांनी ऐकून घेतलं. त्यांचाही कापूस दोनदा पेरून करपला होता.

"एक बेडूक काय कामाचा, भिकुबाई? मी एकटा चार वेळा मंत्रालयात जाऊन आलो. कोणी बस म्हटलं नाही. शिष्टमंडळ लागतं. नऊच्या नऊ ने."

"आबा, परीक्षा!"

"मग घ्या ना. नाही कोण म्हणतं?"

दहा मिनिटांत मुसळाला नऊ बेडूक लटकले. पुढे बाया, मागे पांढरे कोट घातलेली नऊ पोरं, हातात कात्र्या, चिमटे, ट्रे. सगळ्यात मागे परीक्षक. मध्येच महाजन सर धावत होते, "हळू, बाई! पाय ओढू नका त्यांचे!"

दारोदार बेडकांवर तांब्याभर पाणी पडत होतं, उरलंसुरलं पोरांवर. चौथ्या दारात परीक्षकांवरही पडलं.

त्यांनी चष्मा पुसला, मार्कांचा ओला कागद उलगडला आणि जवळच्या पोराला, जीवरामला, विचारलं, "बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

"तीन, सर."

"दाखव."

जीवरामनं चिमट्यानं पुढे दाखवलं. मुसळ गल्लीच्या वळणावर दिसेनासं होत होतं.

परीक्षकांनी तिकडे पाहिलं. कागदावर काहीतरी लिहिलं.

"ठीक आहे. पुढचा."