दोनदा केलेली दुरुस्ती

चंद्रावरच्या वसाहतीत त्या दिवशी प्रत्येकाच्या ताटात भरभरून मेथी होती. एरवी ती चमचाभर मिळायची.

अणुभट्टीतले न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राने एक कण टिपला की ते क्षणभर बहिरं होतं आणि तेवढ्यात आलेले कण निसटतात. ते हिशेबात धरायची सुलक्षणाची जुनी सवय. सकाळी तिने तसा आकडा वाढवला, तर तो धोक्याच्या रेषेपलीकडे गेला.

"भट्टी एवढी तापवून ठेवलीस?" आधीच्या पाळीच्या इद्रिसवर ती सगळ्यांदेखत कडाडली आणि तिने अणुभट्टी मंद केली.

"ताई, नवं यंत्र निसटलेले कण स्वतःच हिशेबात धरतं," तो सांगत होता. ती बोलतच राहिली.

भट्टीच्या उबेवर जगणारा मळा दुपारपर्यंत गारठला. तेव्हा कुठे तिने यंत्र तपासलं. इद्रिसचं बरोबर होतं; निसटलेले कण तिने दुसऱ्यांदा मिळवले होते. मेथी टिकणार नव्हती, म्हणून सगळी शिजवली. आता नवं पीक येईपर्यंत हिरवं पान दिसणार नव्हतं.

"चूक इद्रिसची, पण जीभ सुखावली बघ," म्हणत निंबाळकर आजोबांनी वाढणाऱ्या सुलक्षणापुढे आपलं ताट धरलं. समोर इद्रिस जेवत होता.

खरं सांगायला सुलक्षणाने तोंड उघडलं. मग तिने आजोबांना आणखी भाजी वाढली.