रेवाचा पासपोर्ट
"पती वारले, त्यांच्या नावावरचा व्हिसा संपला. महिन्याभरात युरोप सोडावा लागेल," खिडकीपलीकडचा साहेब म्हणाला.

हेमांगीने कडेवरच्या रेवाला पुढे केलं. गालावर तीट, मुठीत बापाच्या देशाचा पासपोर्ट. "ही तुमची नागरिक. हिला माझ्याशिवाय कुणी नाही. मला घालवलंत, की हीसुद्धा गेलीच." आणि तिने युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाचा निकाल पुढे सरकवला: आईला घालवल्याने नागरिक लेकरालाही संघ सोडावा लागणार असेल, तर तिला घालवता येत नाही.

"हा खटला दुसऱ्या देशातला. आमचा कायदा वेगळा आहे."

"खटला कुठलाही असो, कोर्ट सत्तावीस देशांचं. त्यात तुम्हीही आलात."

साहेब निकाल घेऊन आत गेला. परतला तो शिक्का घेऊनच.

बाहेर येताच हेमांगीने लेकीच्या गालावरचं काजळ बोटाने टिपलं आणि निकालाच्या कोपऱ्यावर लावलं. एवढ्या गुणाच्या कागदाला कुणाची दृष्ट लागायला नको!