पुतळाबाईचं वैर

"माझ्या बन्सीला मारणाऱ्यांचं गाव कंचं, तेवढं सांग," पुतळाबाई म्हणाली.

पलटणीतून कायमचा परतलेला कडूबा तिच्या झोपडीपुढं टेकला होता. निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं, तरी खुलताबादच्या डोंगरावर तिची मेंढरं अन् तिचा हट्ट होता तिथंच होता. बन्सी तिचा थोरला, कडूबाचा मामेभाऊ. दोघं बरोबरच भरती झाले. बन्सी आफ्रिकेत तोफेनं गेला.

माणूस मारला गेला की मारणाऱ्याशी वैर धरायचं, ही त्या घराची रीत. वैऱ्यानं आपल्या माणसाला भाकर खाऊ घातली की वैर मिटलं. तोवर घरात हळद लागायची नाही. धाकट्या लेकीला, भागूला, किती स्थळं आली अन् वाटेला लागली! पोर पंचविशीला आली, बायका तोंडावर बोलू लागल्या, तरी म्हातारी काही बधली नाही.

"गाव नाय मामी, अख्खा मुलूख. इटलीवाले."

"आपल्या चराईत घुसले व्हते का?"

"आपल्या कशाला? जर्मनीवाला शेजाऱ्याच्या मुलखात घुसला. इंग्रज शेजाऱ्याच्या बाजूनं उठला. इटलीवाले जर्मनीकडं, आपण इंग्रजाकडं."

"आन आपलं काय व्हतं त्यात?"

कडूबानं घाम पुसला. एवढी वर्षं बंदूक वाहिली, पण हे त्याला कुण्या साहेबानं सांगितलं नव्हतं. आता तर विचारायचाही कंटाळा आला होता.

"काय नाय," तो म्हणाला.

"आसंना का. त्यांच्यातलं कुणी येणार का नाय?"

"कशाला येतंय? ते तर लढाई चालू असतानाच जर्मनीला सोडून आपल्या बाजूला आले."

"अगं बया! आपल्या?"

"व्हय. मंग आमची पलटण त्यांच्याच मुलखात उतरली. एका म्हातारीनं घरात घेतलं, भाकर वाढली."

"तू खाल्लीस?"

"खाल्ली, मामी. लई भूक लागली व्हती."

आता म्हातारी शिव्या घालणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पुतळाबाई मात्र बोटांवर वर्षं मोजू लागली. दारात उभी भागू सगळं ऐकत होती. आईची नजर आपल्याकडं वळताच ती झटक्यात आत गेली.

"म्हंजे समेट कवाच झाला व्हता," पुतळाबाई म्हणाली. "आन मला कुणी सांगितलंच नाय रे."