आपण म्हणजे कोण?

मालिनीबाई खासनिसांचा सकाळचा चहा त्या डब्यामुळे गार झाला. डबा म्हणजे हल्ली घरोघर असतो तो बोलका समुपदेशक.

"आज तुम्ही कपाट उघडणार का?" त्याने विचारलं.

बाईंनी कप आदळला. "तुम्ही? कालपर्यंत तर 'आपण' होतं."

वारलेल्या लेकीचे कपडे त्या कपाटात होते. डबा रोज विचारायचा, "आज आपण कपाट उघडायचं का?" आणि जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाई त्याच्यावर खेकसायच्या, "आपण म्हणजे कोण? मी एकटी, की आपण दोघं? नीट बोल." डबा माफी मागायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आपण'च म्हणायचा.

"तुमच्या तक्रारीवरूनच ही सुधारणा झाली," डबा म्हणाला. "बाकी तुमचं सगळं मला आठवतंय."

"आठवून काय जाळायचंय? तू सुधारावास म्हणून भांडत होते होय रे मी, मेल्या?"

बाई डबा काखोटीला मारून तरातरा कपाटाशी गेल्या. किल्ली लावली आणि तशाच थांबल्या.

"'आपण' म्हण," त्या म्हणाल्या.

"म्हणतो. पण आपण म्हणजे नक्की कोण? तुम्ही एकट्या, की आपण दोघं?"

आपलाच प्रश्न आपल्यावर उलटलेला पाहून बाई आणखीच वैतागल्या.

"दोघं," त्या म्हणाल्या. "आता तोंड मिट आणि इथेच थांब."

आणि त्यांनी किल्ली फिरवली.