करवंदाची जाळी

गायरानावर गोदामं उभी राहणार की नाही, हे आज ठरणार होतं. जन्मभर कारखाने चालवलेले साहेब आता सरकारी जमीन मंडळाचे अध्यक्ष झाले होते. ते करवंदाच्या जाळीपाशी नकाशा उलगडून उभे होते आणि आम्ही बायका लांबून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

तेवढ्यात माझी चार वर्षांची लेक कडेवरून उतरून थेट त्यांच्यापुढे गेली. मूठ पुढे करून म्हणाली, "आजोबा, कोंबडा की कोंबडी?"

करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा आमचा उन्हाळ्यातला खेळ एवढ्या मोठ्या माणसाला काय ठाऊक! मी तिला मागे ओढायला धावले.

"कोंबडा!" साहेब म्हणाले आणि तिच्या मुठीतलं करवंद न धुताच दातांनी तोडलं. आत पांढरं निघालं.

"हरलात!" लेक टाळ्या पिटत ओरडली.

"लहानपणीही हरायचोच मी," ते हसले. "आमच्या माळावर अशाच जाळ्या होत्या. मे महिना सरेपर्यंत बोटं काळी असायची."

"आता कोण खेळतं तिथं?" मी धीर करून विचारलं.

"कुणी नाही. माझा पहिला कारखाना तिथंच आहे."

त्यांनी नकाशाची घडी घातली. सोबत आलेल्या तलाठ्यानं पेन उघडून विचारलं, "साहेब, शेरा काय लिहू?"

ओठांना चिकटलेला करवंदाचा चीक पुसत साहेब म्हणाले, "लिहा, इथं मुलं खेळतात. जागा रिकामी नाही."