भिंतीपलीकडची विदाद

शातिलाच्या निर्वासित छावणीत तंबू होते तेव्हा लहानग्या मैत्रिणी रस्मिया आणि विदाद वाटपात मिळालेल्या एकाच कांबळ्यात झोपायच्या. पुढे तंबूंच्या जागी मजल्यांवर मजले चढले. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या विदादने मुलाच्या लग्नासाठी खोली वाढवली आणि रस्मियाची एकुलती एक खिडकी बुजली. तेव्हापासून नऊ वर्षं दोघी एका शब्दानेही बोलल्या नव्हत्या. एके सकाळी सत्तरीची रस्मिया घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. जिना इतका चिंचोळा, की स्ट्रेचर वळेना. तेवढ्यात बुजलेल्या खिडकीवर पलीकडून घण बसला. "डोळे मीट गं, धूळ उडेल!" विटा ढासळल्या, भगदाडात विदाद उभी. "अगं, सुनेची खोली फोडलीस?" रस्मिया कण्हली. "सुनेचं मी बघते. तू गेलीस तर भांडू कुणाशी?" विदादच्या रुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरलं. महिन्याने रस्मिया परतली, तेव्हा भगदाडाला दार बसवलेलं होतं. कडी फक्त रस्मियाच्या बाजूला होती.